विषाची राखण

इंदूरहून उज्जैनला जाताना साधारण अर्ध्या वाटेवर सांवेर लागते. बाहेरच्या माणसाला हे गाव ठाऊक असते ते उलट्या हनुमानासाठी. इथल्या मारुतीच्या शेंदरी मूर्तीचे डोके खाली आहे. अहिरावणाने राम-लक्ष्मणांना पाताळात पळवून नेले, तेव्हा त्यांना सोडवायला मारुती इथूनच खाली झेपावला, अशी गावाची श्रद्धा. देऊळ मागे पडले की दोन्ही अंगांना माळव्याची काळी जमीन सुरू होते. पावसाळ्यात सोयाबीन, थंडीत गहू, हरभरा, बटाटा, लसूण.

श्रावण-भाद्रपदात या टापूत दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. इंदुरात जैन साधू-साध्वींचा चातुर्मास असतो. पावसाने जमिनीवर जीवजंतू वाढतात, चालताना ते पायाखाली येऊ नयेत म्हणून चार महिने विहार बंद. आणि शहराची वेस ओलांडली की त्याच आठवड्यांत, तसल्याच जीवजंतूंच्या मागावर, पाठीवर पंप बांधलेली माणसे सोयाबीनच्या तासांमधून चालत असतात. चक्रभुंगा खोडाला कडे पाडतो, खोडमाशी आतून पोखरते, उंटअळी पानांची चाळण करते. आठ दिवस दुर्लक्ष झाले तर वर्षाचे गणित कोसळते. उपाश्रयात व्याख्यान ऐकणाऱ्या श्रावकाच्या घरी जे तेल येते, ते याच शेतातले. शेतकऱ्याला ही विसंगती कळत नसेल असे समजणे हा शहरी गैरसमज आहे. त्याला ती चांगली कळते. त्यावर बोलत बसायला त्याला सवड नसते, एवढेच.

शेतीत हिंसा आहे का, हा प्रश्न कीटकनाशकांहून फार जुना. काही लोक शेतीला उत्तम धंदा मानतात, पण लोखंडी टोकाचे लाकूड जमीन आणि जमिनीतले जीव चिरत जाते म्हणून सज्जन तिला नावे ठेवतात, अशा अर्थाचे वचन मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधार नावाचा वाणी जाजली या तपस्व्याला नांगराबद्दल असेच काहीसे सुनावतो. वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध तर मांसविक्या. दारी आलेल्या कौशिक ब्राह्मणाला तो समजावतो की नांगर धरणारा कितीतरी जीव मारतो, आणि कुणालाच न दुखवता जगणारा या पृथ्वीवर कोण आहे? बौद्ध विनयाने भिक्षूला जमीन खणायलाही बंदी केली.

गंमत अशी की एवढे सगळे म्हणूनही यातल्या कुणीच शेतकऱ्याला नांगर टाकून दे असे सांगितले नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडाने? भिक्षापात्रात पडणारा भात कुठून यायचा?

लोकरीतीने यातून आपली वाट काढली. नागपंचमीला महाराष्ट्रात नांगर धरत नाहीत, खणत नाहीत, चिरत-कापत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. सांवेरच्या पुढे उज्जैनला, महाकाल मंदिराच्या वरच्या मजल्यावरचे नागचंद्रेश्वराचे दार वर्षातून त्या एकाच दिवशी उघडते. त्या दिवशी हात आवरायचे, आणि बाकीच्या दिवसांत या हातांनी जीव मरणार हे मुकाट मान्य करायचे. तत्त्वज्ञान म्हणून हे तोकडे वाटेल, पण त्यात ढोंग नाही.

गृहस्थाबद्दल स्मृतिकारांनी याहून बारकाईने विचार केलेला दिसतो. मनुस्मृतीच्याच तिसऱ्या अध्यायात ‘पंचसूना’ येतात, म्हणजे घरातली पाच वधस्थाने. चूल, जाते-पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. या पाच जागी गृहस्थाकडून नकळत जीव मरतात, त्याचे परिमार्जन म्हणून त्याने रोज पाच महायज्ञ करावेत. अध्ययन-अध्यापन, पितरांना तर्पण, होम, प्राणिमात्रांसाठी बळी आणि अतिथीचा सत्कार. यज्ञांच्या तपशिलाशी आज कुणाला देणेघेणे नसेल, पण हिंसा शोधायला ही माणसे शस्त्रागारात न जाता स्वयंपाकघरात गेली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. घर चालवणे म्हणजेच काही जिवांना इजा करणे, आणि त्याचा हिशेब रोजच्या रोज चुकता करणे, असा तो व्यवहार होता.

आज माळव्यातल्या किंवा विदर्भातल्या कुठल्याही शेतकरी घरात एक सहावे वधस्थान सापडते. ते माळ्यावर असते, गोठ्यातल्या कोनाड्यात असते, बियाण्याच्या पोत्यांआड असते, कधी खाटेखाली सरकवलेले असते. हंगामात उरलेली अर्धी बाटली. टाकवत नाही, कारण पैसे मोजलेले असतात. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल म्हणून ठेवलेली, आणि पुढच्या वर्षी बहुधा कुठे ठेवली ते न आठवणारी.

जुन्या पाचांत आणि या सहाव्यात एक मोठा फरक आहे. चूल पेटली तरच जाळते, उखळात मुसळ पडले तरच चिरडते. काम थांबले की तिथला वधही थांबतो. बाटलीचे उलटे आहे. फवारणी चालू असते तेव्हा निदान कुणाचे तरी तिच्याकडे लक्ष असते. खरा धोका सुरू होतो तो काम आटोपल्यावर, सगळे तिला विसरल्यावर. आणि तिथे मरणारा जीव मुंगीचा असेलच असे नाही.

इथे जैन शास्त्र कामाला येते. अहिंसेच्या चर्चेत जैनांचे नाव निघाले की सामान्य माणसाला तोंडावरची मुहपत्ती आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण आठवते. पण दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही पंथांना मान्य असलेल्या उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची जी व्याख्या आहे, ती जीव गेला की नाही एवढ्यावर थांबत नाही. तिच्या मुळाशी ‘प्रमाद’ आहे. प्रमाद म्हणजे गाफीलपणा, आळस, बेपर्वाई. प्रमादाच्या पोटी प्राण जाणे ही हिंसा. पुढच्या आचार्यांनी याचा अर्थ थेट टोकाला नेला: सावधपणे वागणाऱ्याच्या हातून चुकून जीव गेला तरी तो त्या अर्थाने हिंसक ठरत नाही, आणि बेफिकीर माणसाच्या हातून सुदैवाने कुणी मेले नाही तरी तो सुटत नाही.

हे सूत्र माळ्यावरच्या त्या बाटलीला लावून पाहिले की शेतकऱ्याच्या पापपुण्याचा सगळा तराजू बदलतो. अळ्या मारल्या म्हणून त्याच्या माथी किती दोष, या वादात शतके गेली. बाटली उघडी ठेवली, टोपण सैल ठेवले, मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर ठेवली, हा दोष मात्र या व्याख्येने निःसंदिग्ध आहे, अजून कुणालाही काही झालेले नसतानाही.

जैन श्रावकाचाराचे नियम आणखी बारीक जातात. श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांत ‘विषवाणिज्य’ आहे. बौद्धांच्या अंगुत्तर निकायातही उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत शस्त्रे, प्राणी, मांस आणि मद्य यांच्या जोडीला विष आहे. पण त्याहून लागू पडणारा शब्द आहे ‘हिंसाप्रदान’. विष, अग्नी, शस्त्र अशी जीवघेणी साधने दुसऱ्याच्या हाती देणे हा जैनांच्या लेखी स्वतंत्र दोष आहे, विनाकारण ओढवून घेतलेला. गावात हे रोज घडते. शेजाऱ्याच्या पिकावर अळी पडते, दुकान लांब असते, तेव्हा घरातल्या डब्यातले थोडे औषध थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिले जाते. देणारा शेजारधर्म पाळत असतो. पण त्या क्षणी लेबल मूळ डब्यावर राहते आणि विष मुलांच्या ओळखीच्या बाटलीत जाते. कृषी विद्यापीठांच्या आणि आरोग्य खात्याच्या सूचनांत मूळ डब्यातून काही बाहेर काढू नका हा नियम अग्रभागी असतो, तो याचसाठी.

डबा बदलण्याची किंमत किती असू शकते, हे १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावाने पाहिले. प्राथमिक शाळेतले मध्यान्ह भोजन. भात आणि सोयाबीन-बटाट्याची भाजी. भाजी कडवट लागते असे मुलांनी सांगितले होते. न्यायवैद्यक तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघाले. कीटकनाशकासाठी वापरलेल्या डब्यात तेल साठवले गेल्याचे तपासातून पुढे आले. २३ मुले दगावली. स्वयंपाक करणारी बाईही ते अन्न खाऊन आजारी पडली. तिथे कुणाला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. द्वेष नाही, लोभ असलाच तर एका रिकाम्या डब्याचा. उमास्वातींच्या व्याख्येला याहून भीषण उदाहरण सापडणे कठीण. २०१६ मध्ये सत्र न्यायालयाने मुख्याध्यापिकेला दहा आणि सात अशी, एकामागून एक भोगायची, सतरा वर्षांची शिक्षा सुनावली.

भारतातला कीटकनाशकांचा कायदाही अशाच एका घोटाळ्यातून जन्मला, हे फारसे कुणाच्या लक्षात नाही. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेले अन्न पोटात जाऊन शंभरावर माणसे मेली. गव्हाचे पीठ आणि हे जहाल विष वाहतुकीत एकमेकांच्या शेजारी आले होते, आणि विष सांडून पिठात उतरले होते. चौकशी आयोग बसला, शिफारशी झाल्या, आणि दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा झाला. त्याखालचे नियम १९७१ चे. थोडक्यात, या देशात कीटकनाशकांसाठी पहिला मोठा कायदा झाला तो फवारणीतल्या नव्हे, साठवणीतल्या आणि ने-आणीतल्या प्रमादामुळे.

त्या नियमांतला छत्तिसावा नियम वाचण्यासारखा आहे. कीटकनाशके इतर वस्तूंपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवावीत, किंवा प्रमाण पाहून वेगळ्या कपाटात कुलूपबंद ठेवावीत. खोली कोरडी, उजेडाची, हवेशीर असावी. पुढे चव्वेचाळिसावा नियम रिकाम्या डब्यांचा: ते पुन्हा वापरात येतील असे बाहेर टाकू नयेत, फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. लेबलावर चौकोन कोपऱ्यावर उभा करून त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. खालचा लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य. लालाच्या वर कवटी. अक्षर न येणाऱ्यालाही रंग कळावा ही त्यामागची चांगली कल्पना. मात्र सौम्य म्हणून हिरव्याला घरातला माणूस मानण्याची चूक सर्रास होते. हिरवा त्रिकोण एवढेच सांगतो की हे विष इतरांपेक्षा कमी आहे.

नियम उत्तम आहेत. ते कुणाच्या घरासाठी लिहिले, हा प्रश्न उरतो. ज्याच्याकडे दोन खोल्या, त्यातली एक धान्याने भरलेली, बाहेर गोठा आणि त्यावर पत्रा, त्याने वेगळी कोरडी हवेशीर खोली आणायची कुठून? म्हणून ‘किंवा कपाट’ हे शब्द महत्त्वाचे. जुना लोखंडी पेटारा चालतो, पत्र्याची ट्रंक चालते. कडी आणि कुलूप हवे, किल्ली एकाच जाणत्या माणसाकडे हवी. पेटारा चुलीपासून, पाण्याच्या हौदापासून, वैरण आणि बियाण्यापासून लांब हवा. भुकटी वर, द्रव खाली, म्हणजे गळाले तर दुसऱ्यावर सांडणार नाही. खाली वाळू असलेली जुनी परात ठेवली तर गळलेले तिथेच राहते. मोजायचे माप, ढवळायची काठी, बादली यांनीही पेटाऱ्याशेजारीच राहायचे. स्वयंपाकघरातला पेला एकदा तिकडे गेला की तो परत आणायचा नाही. यात खर्च नाही म्हणण्याइतका कमी आहे, पण शिस्त रोजची आहे. पंचसूनांच्या परिमार्जनासाठी सांगितलेले यज्ञही रोजचेच होते.

घरातल्या धान्याची गोष्ट आणखी अवघड. माळव्याचा गहू वर्षभर कोठीत राहतो आणि टोरका त्याच्या मागावर असतो. त्यासाठी ‘सल्फास’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरोघरी गेल्या. हवेतल्या ओलाव्याने या गोळ्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो. सीलबंद गोदामात जाणकारांच्या देखरेखीखाली वापरायची ही वस्तू आहे, घरगुती वापरासाठी ती मुळी नाहीच. जिथे माणसे झोपतात त्या खोलीतल्या कोठीत ती टाकणे म्हणजे शत्रूला अंथरूण घालून देणे. आजी गव्हाला एरंडेल चोळत असे, कडुलिंबाचा वाळलेला पाला थरांत घालत असे, कडक उन्हात पसरून गार झाल्यावरच भरत असे. कष्टाचे काम होते खरे, पण त्याला कुलूप लागत नव्हते.

मग विषच नको, असे म्हणणारे इंदुरातच होऊन गेले. १९२४ मध्ये इथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली. तिचे प्रमुख अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे रसायनज्ञ सहकारी यशवंत वाड या दोघांनी काडीकचरा, शेण आणि माती यांपासून खत करण्याची जी रीत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. त्यावरचे दोघांचे पुस्तक १९३१ चे. हॉवर्ड किडीकडे शत्रू म्हणून पाहत नसत. पिकावर कीड पडली म्हणजे जमिनीचे किंवा लागवडीचे काहीतरी बिनसले आहे, कीड ते दाखवून देते, म्हणून कीड आणि इथले अडाणी समजले जाणारे शेतकरी हेच आपले शेतकीचे प्राध्यापक, असे ते म्हणत. हिंदी साहित्य संमेलनासाठी १९३५ मध्ये इंदुरास आलेल्या गांधीजींनी ही संस्था पाहिली आणि पुढे ‘हरिजन’मधून या खताचा पुरस्कार केला. संस्थेच्या जागेवर आज इंदूरचे कृषी महाविद्यालय आहे.

गांधीजींचे इथे येणे या विषयात योगायोगापेक्षा जास्त आहे. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातल्या तडफडणाऱ्या, वाचण्याची आशा नसलेल्या वासराला त्यांच्या संमतीने विषाची सुई टोचून मरण देण्यात आले. देशभर गदारोळ झाला. त्याच वादात त्यांनी पीक फस्त करणाऱ्या माकडांचा प्रश्नही स्वतःहून काढला, आणि शेती करायची तर काही हिंसा पदरात घ्यावी लागेल हे लपवले नाही. त्यांची भूमिका पटो वा न पटो, त्यात एक गोष्ट होती: विष वापरले ते उघड्या डोळ्यांनी, नाव घेऊन, जबाबदारी अंगावर घेऊन.

हॉवर्डांचे बरोबर होते, पण त्यांचे म्हणणे आजच्या शेतकऱ्याच्या तोंडावर फेकणे बरोबर नाही. जमिनीचा कस वर्षांच्या मेहनतीने परततो, चक्रभुंगा याच आठवड्यात येतो. कंपोस्टचा खड्डा आणि औषधाची बाटली पुढची बरीच वर्षे एकाच बांधावर नांदणार. सेंद्रिय शेतीवरच्या उत्साही भाषणांत ही मधली वर्षे गायब असतात, आणि माणसे मरतात ती नेमकी त्या वर्षांत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात पोचले. मुखवटे, हातमोजे, मिश्रणे यांवर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. घरातल्या कोनाड्याकडे मात्र कुणी फारसे वळून पाहिले नाही.

त्या कोनाड्याचा आणखी एक, फार नाजूक पदर आहे. खेड्यांत निराशेच्या एखाद्या क्षणी हाताशी असलेली बाटलीच जीव घेते, आणि असे क्षण पुष्कळदा थोड्या वेळात ओसरणारे असतात. कुलूप तो वेळ मिळवून देईल, असे वाटणे साहजिक आहे. श्रीलंकेत १८० गावांत आणि सव्वादोन लाखांच्या आसपास लोकसंख्येत याची मोठी चाचणी झाली. निम्म्या गावांत घरोघरी कुलपाचे डबे वाटले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: विषप्राशनाच्या घटना डब्यांमुळे कमी झाल्याचे दिसले नाही. त्याच श्रीलंकेत १९९५ नंतर सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, आणि आत्महत्यांचे प्रमाण दोन दशकांत सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आले.

हा निष्कर्ष या लेखातल्या युक्तिवादाला गैरसोयीचा आहे, म्हणूनच तो टाळता येत नाही. मुलाचा हात आणि चुकून भरलेला पेला यांना कुलूप अडवते. किल्ली ज्याच्या खिशात आहे त्याच माणसाच्या दुःखापुढे ते अपुरे पडते. तिथे राखणदार दुसरा लागतो: एवढे जहाल विष खेड्यापर्यंत पोचूच नये हे ठरवणारा. भारताने २०१८ मध्ये अठरा कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला, त्यातली काही लगेच आणि काही २०२० अखेर बंद झाली. गंडामनच्या तेलातल्या मोनोक्रोटोफॉसचे सर्वाधिक खपाचे ३६ टक्क्यांचे द्रावण बंद करण्याचा आदेश निघायला मात्र २०२३ उजाडले. मुले जाऊन दहा वर्षे झाली होती. या दहा वर्षांच्या प्रमादाची शिक्षा कुणालाही नाही.

उज्जैनच्या इतक्या जवळ विषाची गोष्ट चालली की नीलकंठ आठवतोच. हलाहल गळ्यात धरून ठेवणारा महादेव हा आदर्श राखणदार, असे कीर्तनात ऐकायला छान वाटते. पण भागवताच्या आठव्या स्कंधात एक तपशील आहे तो सहसा सांगितला जात नाही. महादेवाने विष प्यायले तेव्हा हातातून थोडे सांडले, आणि ते विंचू, साप आणि विषारी वनस्पतींनी उचलले. प्रत्यक्ष शंकराच्या ओंजळीतूनही विष सांडते. मग माणसांच्या कंपन्यांचे काय सांगावे?

भोपाळ सांवेरहून दोनशे किलोमीटरांच्या आत आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जे झाले, त्याला वायुकांड म्हणतात. प्रत्यक्षात तो साठवणीचा गुन्हा होता. युनियन कार्बाइडचा कारखाना ‘सेव्हिन’ नावाचे कीटकनाशक बनवत असे, आणि त्यासाठी लागणारा मिथाइल आयसोसायनेट एका टाकीत चाळीस टनांच्या आसपास साठवून ठेवला होता. तो थंड ठेवणारी यंत्रणा बंद केलेली होती. सुटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीत होता. वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा त्या रात्री उपयोगी पडली नाही. भरपाईच्या सरकारी नोंदीतच मृत्यू पाच हजारांवर आहेत. जून २०१० मध्ये भोपाळच्या न्यायालयाने हयात असलेल्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. गुन्हा: निष्काळजीपणामुळे मृत्यू. शिक्षा: दोन वर्षे, आणि त्याच दिवशी जामीन.

एका डब्याच्या प्रमादाला सतरा वर्षे आणि एका टाकीच्या प्रमादाला दोन. कायद्याची कलमे वेगळी होती, हे उत्तर कायद्याच्या पुस्तकात बसते. धर्माच्या पुस्तकात बसत नाही. ज्याच्याकडे जाणण्याची साधने जास्त, थांबवण्याची ताकद जास्त, त्याचा गाफीलपणा मोठा. प्रमादाच्या कल्पनेला एवढा तर्क पुरेसा आहे. पत्र्याच्या घरातल्या शेतकऱ्याला कुलुपाचे व्याख्यान देणाऱ्याने हा तराजू आधी सरळ करून घ्यावा.

आणि भोपाळची साठवण त्या रात्री संपली नाही. सेव्हिनचे अवशेष, अर्धवट बनलेले कीटकनाशक, विषारी माती हे सगळे कारखान्यात चाळीस वर्षे पडून राहिले. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनर ३३७ टन कचरा घेऊन भोपाळहून निघाले ते इंदूरजवळच्या पिथमपूरला. पिथमपुरात बंद पाळला गेला, दोघांनी अंगावर ज्वालाग्राही द्रव ओतून पेटवून घेतले. आमच्या दारात का, हा त्यांचा सवाल होता आणि तो रास्त होता, जरी कचरा कुठेतरी न्यावाच लागणार होता. उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी चाचण्या झाल्या, मग जून २०२५ अखेर सगळा कचरा जाळून झाला. जाळताना चुना मिसळावा लागल्याने उरलेली राख मूळ कचऱ्याहून जास्त भरली. ती राख पुन्हा कुठेतरी पुरून, झाकून, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळायची आहे. मारुती पाताळात जाऊन परत वर आला, तसे पुरलेले विषही पाण्यावाटे वर येते, म्हणून त्या खड्ड्यावरही कायमचा पहारा लागतो.

येत्या मृगाआधी, दुकानात नवी बाटली घ्यायला जाण्यापूर्वी, शेतकरी घरांनी माळा, गोठा आणि खाटेखालचा कोपरा एकदा रिकामा करून पाहावा. लेबल नसलेले, मुदत गेलेले, दुसऱ्या बाटलीत भरलेले जे सापडेल ते वेगळे काढून कृषी कार्यालयात किंवा विक्रेत्याकडे विचारावे. नाल्यात किंवा विहिरीच्या कडेला ओतू नये. गरजेपुरतेच विकत घ्यावे, उरवू नये. रिकामा डबा तीनदा विसळावा, ते पाणी पंपातच घालावे, आणि डब्याला भोके पाडावीत, म्हणजे त्यात पुन्हा कुणी तेल भरणार नाही. पेटाऱ्याची किल्ली दाराच्या खिळ्याला लटकवू नये. कुणाच्या पोटात काही गेलेच तर उलटी करवण्यात वेळ घालवू नये, लेबलासह डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा. दिल्लीच्या एम्समधले राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर सल्ला देते. मन खचलेले असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर मराठीतही बोलते. हे दोन्ही क्रमांक पेटाऱ्याच्या झाकणावर रंगाने लिहून ठेवावेत.